शब्द तेच, जागा वेगळी

प्रश्न : माझी मासेमारीची बोट आहे. वादळात इंजिन बिघडलं, ते मिस्त्रीकडून नीट करून घेतलं. विम्याच्या अर्जात ‘आय हॅड रिपेअर्ड द इंजिन’ असं लिहिलं, तर साहेब विचारतात, दुरुस्ती तुम्हीच केलीत, मग हे बिल कुणाचं? चुकलं कुठे?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ‘आय हॅड द इंजिन रिपेअर्ड’ असं हवं होतं. ‘हॅड’ला चिकटून ‘रिपेअर्ड’ आलं की काम बोलणाऱ्याने स्वतः, आणि आधीच कधीतरी केलेलं. दोघांच्या मध्ये इंजिन बसलं की काम दुसऱ्याकडून करून घेतलेलं. शेवटी ‘बाय अ मेकॅनिक’ जोडा, म्हणजे शंकाच नको.

मराठीत ‘मांजराने सुरमई पळवली’ म्हणा नाहीतर ‘सुरमई पळवली मांजराने’ म्हणा, चोर मांजरच. ‘ने’ त्याची पाठ सोडत नाही. हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजी नामांनाही असे प्रत्यय लागत. ते झिजत गेले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे जागेवरून ठरू लागलं. म्हणून ‘द कॅट स्टोल द फिश’ उलटं केलं की मासाच मांजर पळवून नेतो.

आता एक सावधगिरी. हीच रचना नुकसानीला लावून ‘आय हॅड माय बोट डॅमेज्ड’ असं मात्र लिहू नका. त्यातून ‘बोटीचं नुकसान झालं’ असा अर्थ निघतो, तसा ‘मी ते मुद्दाम करवून घेतलं’ असाही निघतो. विम्याच्या कागदावर हा दुसरा अर्थ भलताच महाग पडायचा! सरळ ‘माय बोट वॉज डॅमेज्ड इन द स्टॉर्म’ लिहा.

प्रश्न : आमच्याकडे मासे सकाळी सांगितले तरच करतो. होमस्टेच्या पाटीवर ‘ओन्ली’ कुठे घालू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ‘वुई कुक फिश ओन्ली ऑन ऑर्डर’. ज्या शब्दांवर बंधन घालायचं, त्यांच्या लगेच आधी. ‘वुई कुक ओन्ली फिश ऑन ऑर्डर’ केलंत, तर ऑर्डरप्रमाणे मिळतात ते फक्त मासे, असं होईल. ‘ओन्ली वुई’ने सुरुवात केलीत, तर असे मासे गावात दुसरं कुणी करतच नाही, आणि शेजारी भांडायला येतील. बोलताना आवाजाचा जोर निभावून नेतो, पाटीला ती सोय नाही. ‘गेस्ट्स ओन्ली’सारख्या छोट्या सूचनांत ‘ओन्ली’ शेवटी चालतं.