पर्सनल ट्रेनरवर एवढा खर्च करणे योग्य ठरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चाळिशीच्या आसपास, काम दिवसभर बसून करण्याचे, जिमचे सदस्यत्व घेऊन काही महिने झाले आहेत पण जाणे नियमित नाही, आणि आता जिमने वर्षभराच्या पर्सनल ट्रेनिंगचे पॅकेज पुढे केले आहे. त्याची रक्कम सदस्यत्वाच्या कितीतरी पट आहे, तेव्हा ती भरावी की नाही? माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ट्रेनर जरूर घ्यावा, मात्र वर्षभरासाठी घेऊ नये. जे आपल्याला येत नाही ते शिकण्यापुरता घ्यावा आणि ते अंगवळणी पडले की व्यायाम स्वतःच्या जबाबदारीवर करावा. मी काही काळ एका उत्तम ट्रेनरकडे शिकलो आणि त्यानंतर बरीच वर्षे एकट्याने व्यायाम करत आलो आहे. त्या दोन्ही अनुभवांतून हे मत तयार झाले आहे.

आधी आपल्याला नेमके काय हवे आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस शारीरिक हालचाल करावी, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान २ दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. यातल्या पहिल्या भागासाठी ट्रेनरची गरज नाही. भरभर चालणे, सायकल चालवणे, पोहणे किंवा ट्रेडमिलवर चढाचा कोन वाढवून चालणे यासाठी शेजारी कोणी उभे राहण्याचे पैसे मोजणे मला पटत नाही. एखादा ट्रेनर तासातला अर्धा वेळ तुम्हाला ट्रेडमिलवरच ठेवत असेल, तर त्या अर्ध्या तासाचा मोबदला वाया जातो असे खुशाल समजावे. दुसरा भाग, म्हणजे वजनांचा व्यायाम, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे कौशल्य लागते, आणि ट्रेनरची खरी किंमत तिथेच ठरते.

डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहण्याच्या व्यायामाचे उदाहरण घ्या. जमिनीवरचे वजन उचलताना कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायचे असते, हे वाक्य कोणीही वाचू शकते आणि त्याचे व्हिडिओही भरपूर सापडतात. पण वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण नक्की कुठून वाकतो आहोत हे आतून कळतच नाही. माझ्या ट्रेनरने वजनाला हात लावू देण्यापूर्वी माझ्या पाठीवर एक उभी काठी धरायला लावली. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि कंबरेखालचे हाड या तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून पुढे झुकायचे, आणि यातली एखादी जागा सुटली की पाठ गोल झाली असे समजायचे. काठी सुटली की तो नुसता बोट ठेवून ती जागा दाखवत असे. ही गोष्ट एकदा शरीराला कळली की पुन्हा शिकवावी लागत नाही, जसे पाण्यावर तरंगायला एकदा आले की दर उन्हाळ्यात ते नव्याने शिकावे लागत नाही. स्क्वॉटमध्ये (वजन घेऊन उठाबशा काढताना) गुडघा पावलाच्या दिशेने ठेवणे, बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलताना) खांद्याची पाती मागे ओढून घट्ट धरणे, वजन उचलताना श्वास भरून पोट ताठ करणे, या सगळ्यांचे स्वरूप असेच आहे. शिकायला आठवडे लागतात, पण शिकलेले टिकते.

हे शिकणे सुरुवातीलाच व्हावे यालाही कारण आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण ती वाढ बहुतांशी स्नायू मोठे झाल्यामुळे होत नाही. मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागते म्हणून होते. म्हणजे त्या काळात शरीर प्रत्यक्षात हालचाल शिकत असते. चुकीची हालचाल शिकले तर तीच पक्की होते आणि पुढे वजन वाढल्यावर ती मोडून काढणे कठीण जाते. त्यामुळे ट्रेनरवर खर्च करायचाच असेल तर तो वर्षभर पातळ पसरण्यापेक्षा पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकवटावा.

ट्रेनरचे दुसरे काम वजन किती घ्यावे आणि केव्हा वाढवावे हे ठरवण्याचे, आणि ते कदाचित तंत्राहूनही मोलाचे आहे. ताकद वाढते ती भार क्रमाक्रमाने वाढवल्याने. १९४० च्या दशकात टॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या उपचारात क्रमशः वाढत्या वजनांची पद्धत आणली, आणि आजचे बहुतेक सर्व कार्यक्रम त्याच तत्त्वावर उभे आहेत. अडचण अशी की एकटा माणूस बहुधा आपल्या क्षमतेहून हलके वजन निवडतो आणि महिनोन्‌महिने तेच उचलत राहतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायामाचा थोडाफार अनुभव असलेल्या पुरुषांच्या दोन गटांना १२ आठवडे सारखाच कार्यक्रम दिला होता. एका गटावर प्रशिक्षकाची थेट देखरेख होती, दुसऱ्यावर नव्हती. देखरेखीखालच्या गटाने वजने अधिक वेगाने वाढवली आणि शेवटी त्यांची ताकदही अधिक वाढली. कागदावरचा कार्यक्रम एकच असताना हा फरक पडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यावरून कोणी म्हणेल की मग ट्रेनर कायमचाच ठेवावा. मी त्यातून वेगळा अर्थ काढतो. वजन वाढवण्याचा निर्णय शिकता येतो. प्रत्येक सेटनंतर, म्हणजे न थांबता सलग केलेल्या आवर्तनांच्या एका फेरीनंतर, चांगला ट्रेनर विचारतो, ‘अजून किती आवर्तने जमली असती?’ आणि तुमचे उत्तर व वजन वर जाण्याचा मंदावलेला वेग यांची तुलना करतो. सुरुवातीला आपले उत्तर साफ चुकते. दोन जमतील असे वाटते तिथे खरे तर सहा जमली असती. हा अंदाज दोन-तीन महिन्यांत सुधारतो, आणि त्याला एका साध्या नियमाची जोड देता येते: सलग दोन सत्रांत शेवटच्या सेटमध्ये ठरलेल्या संख्येपेक्षा दोन आवर्तने जास्त जमली की त्या व्यायामाचे वजन थोडे वाढवावे. छोट्या स्नायूंच्या व्यायामात ही वाढ दोनेक टक्के, तर पायांसारख्या मोठ्या स्नायूंच्या व्यायामात त्याहून बरीच जास्त, दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. वही, पेन आणि हा नियम एवढे हाताशी असेल तर ट्रेनरच्या या कामाचा बराचसा भाग आपण स्वतः करू शकतो. मात्र तो अंदाज आधी कोणाच्या तरी नजरेखाली घडवून घ्यावा लागतो.

आता तुमच्या प्रश्नातल्या सर्वात नाजूक भागाकडे येतो, तो म्हणजे अनियमितपणा. तुम्ही लिहिले आहे की पैसे भरले तर निदान जाणे तरी होईल. ही आशा चूक नाही. ठरलेल्या वेळी कोणी आपली वाट पाहत असेल तर माणूस उठतो, आणि काही लोकांच्या बाबतीत व्यायाम होणे आणि अजिबात न होणे यातला फरक एवढाच असतो. ज्याला खर्च सहज परवडतो आणि ज्याचा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने व्यायाम झालेला नाही, त्याने केवळ या कारणासाठी ट्रेनर ठेवला तरी मी त्याला नावे ठेवणार नाही. पण तुम्ही खर्चाचा विचार करत आहात, म्हणून स्पष्ट सांगतो की हजेरी विकत घेण्याचा हा सर्वात महाग मार्ग आहे. एखाद्या मित्राबरोबर किंवा सहकाऱ्याबरोबर ठरवलेली वेळ, ठरावीक वाराचा गटवर्ग, किंवा कामावरून घरी न जाता थेट जिमला जाण्याचा शिरस्ता यांतूनही तेच साधते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला होता, त्यात सवय आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतील असे दिसले. मात्र व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेगळा होता, आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणून दोन महिन्यांत सवय लागली नाही तर आपल्यात काही उणे आहे असे मानून सोडून देऊ नका. शिवाय ट्रेनरच्या सत्रांबरोबरच आठवड्यातला एक दिवस पहिल्यापासून एकट्याने जाण्याचा ठेवा, नाहीतर सवय व्यायामाची न लागता ट्रेनरची लागते, आणि पॅकेज संपले की व्यायामही संपतो. असे झालेले मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे आणि दरवेळी वाईट वाटले आहे, कारण त्या लोकांची मेहनत खरी होती.

आता हिशेब मांडू. आठवड्याला ३ सत्रे धरली तर वर्षाची १५६ सत्रे होतात. त्याऐवजी पहिले ८ आठवडे आठवड्याला २ सत्रे घेतली तर ती १६ झाली. त्यानंतरच्या १० महिन्यांत महिन्याला एकच सत्र, हालचाल तपासून घेण्यासाठी आणि पुढच्या महिन्याचा आराखडा बदलून घेण्यासाठी, म्हणजे आणखी १०. एकूण २६ सत्रे, म्हणजे वर्षभराच्या पॅकेजच्या एक षष्ठांश. सुटी सत्रे घेतली तर दर जास्त लागतो हे खरे आहे, पण तो दुप्पट लागला तरी एकूण खर्च एक तृतीयांशच राहतो. तुमच्यासारख्या, मोठा आजार नसलेल्या माणसाला एवढे पुरेसे व्हावे असे माझे ठाम मत आहे.

आजार किंवा जुनी दुखापत असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवावा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, सतत दुखणारा सांधा यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टर, गरज पडल्यास फिजिओथेरपिस्ट, आणि मगच ट्रेनर, तोही अशा व्यक्तींबरोबर काम केलेला. तिथे देखरेख जास्त काळ लागू शकते आणि तो खर्च मी अनावश्यक मानत नाही. वयस्कर माणसांनाही हेच लागू आहे, कारण त्यांना ताकदीबरोबर तोल सांभाळण्याचा व्यायामही हवा असतो आणि पडण्याची भीती मनात असताना जवळ कोणी असण्याला मोल आहे.

राहिला प्रश्न ट्रेनर कसा निवडावा याचा. जगातल्या बहुतेक ठिकाणी डॉक्टरला लागतो तसा सरकारी परवाना ट्रेनरला लागत नाही, त्यामुळे पात्रतेची चौकशी आपल्यालाच करावी लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन किंवा नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन यांसारख्या संस्थांची परीक्षा उत्तीर्ण केलेली असणे ही चांगली खूण आहे. स्वतःचे पिळदार शरीर ही पात्रता नव्हे. पण प्रमाणपत्रापेक्षाही मी पहिल्या सत्रावर जास्त विश्वास ठेवतो. तो तुमच्या आजारांची, औषधांची आणि जुन्या दुखापतींची विचारपूस करतो का? वजन देण्याआधी तुम्हाला नुसते वाकवून, बसवून, हात वर करायला लावून पाहतो का? केलेले सेट आणि वजने लिहून ठेवतो का? की मोबाईलकडे बघत आकडे मोजतो आणि शेजारच्या माणसाला दिलेलाच व्यायाम तुम्हालाही देतो?

पहिल्याच दिवशी घामाघूम करून, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही इतके दमवण्यात ज्याला अभिमान वाटतो, त्याच्यापासून दूर राहा. दुखणे हे प्रगतीचे माप नाही, आणि सवय नसलेल्या शरीराकडून अचानक अति व्यायाम करून घेतल्यास स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. व्यायामानंतर असह्य वेदना, सूज आणि गडद तपकिरी लघवी दिसली तर थेट रुग्णालयात जावे. तसेच सर्वसाधारण आहाराबद्दल बोलणे ठीक आहे, पण मधुमेहासारख्या आजारात आहार ठरवून देणे किंवा औषधे बदलायला सांगणे हे ट्रेनरचे काम नाही. पावडर आणि गोळ्यांची विक्रीच ज्याच्या बोलण्यात आधी येते, त्याचा सल्ला नेमका कोणाच्या हिताचा आहे हा संशय कायम राहतो.

जिमशी बोलताना पॅकेजची चर्चा करण्याआधी ट्रेनरला एक प्रश्न जरूर विचारा: ‘दोन महिन्यांनी मला एकट्याने काय काय करता आले पाहिजे?’ ज्याला शिकवायचे आहे तो याचे नेमके उत्तर देतो, चार-पाच व्यायामांची नावे घेतो, त्यात तुम्ही कुठपर्यंत पोहोचाल याचा साधारण अंदाज सांगतो. जो प्रश्न टाळून सवलतीची मुदत आजच संपते आहे असे सांगू लागतो, त्याच्याकडे पैसे भरू नका. आणि भरायचे ठरले तर सुरुवातीला शक्य तितकी कमी सत्रे घ्या, न वापरलेली सत्रे किती दिवसांत बाद होतात, मध्येच आजारी पडल्यास ती पुढे नेता येतात का, ट्रेनर नोकरी सोडून गेला तर पैसे परत मिळतात की दुसरा माणूस माथी मारला जातो, हे लेखी घ्या आणि मगच सही करा.