धुळवडीला आपण रंग का खेळत नाही

प्रिय मुक्ता,

तुझा मेसेज वाचला. "बाबा, सोसायटीतली सगळी मुलं धुळवडीला रंग खेळणार आहेत आणि आजी म्हणते आपला रंग पंचमीला. धुळवडीला म्हणे वीर न्यायचे. वीर म्हणजे कोण? आणि आपलंच वेगळं का?" फोनवर सांगायला लागलो तर तू अर्ध्यात "हं, हं" करून फोन आईकडे देशील, म्हणून लिहून पाठवतोय. आजीलाही वाचून दाखव. काही राहिलं असेल तर ती घालेलच.

आपलंच वेगळं नाही गं. फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते, दुसऱ्या दिवशी धुळवड आणि वद्य पंचमीला रंग, हा महाराष्ट्रातला जुना क्रम. धुळवड म्हणजे होळीची राख नि धूळ अंगाला लावायचा दिवस, रंगाचा नव्हे. मग हिंदी सिनेमांतली होळी घराघरांत आली, शिवाय सरकारी सुट्टी धुळवडीची. पंचमीला पुष्कळांची ऑफिसं चालू असतात. तुमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत तर कोणी लखनौचं, कोणी जयपूरचं. त्यांच्याकडे रंग होळीच्या दुसऱ्याच दिवशी असतो, ते तेव्हाच खेळणार. पण नाशिक अजून पंचमी धरून आहे. येवल्यात तर पंचमीला रंगांचे सामने होतात. ट्रॅक्टरवर रंगाचे ड्रम चढवून समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना भिजवतात. होळकरांच्या इंदूरलाही मोठा रंग पंचमीलाच असतो, त्या दिवशीच्या रंगाच्या मिरवणुकीला तिकडे गेर म्हणतात.

आता वीर. आजीच्या देवघरात खंडोबाच्या शेजारी चांदीचे छोटे पत्रे आहेत, त्यांवर माणसं कोरलेली, ते तू पाहिले असशील. त्यांना टाक म्हणतात. त्यातला घोड्यावर बसलेला एक, झिजून ज्याचं नाक गेलंय, तो आपला वीर. घराण्यातला कोणी तरणाताठा, लढाईत किंवा असाच अवेळी गेलेला, त्याचा टाक करून देवात बसवायचा अशी रीत आहे. आपला कोण होता? माझ्या आजोबांनाही नाव ठाऊक नव्हतं. "आपला आहे" एवढंच ते सांगायचे, आणि मला वाटतं तेवढं पुरतं.

वर्षातून एकदा, धुळवडीला, या वीरांना गोदावरीवर स्नानाला नेतात. आपल्या घरी टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल फडक्यात बांधतात आणि घरातलं एखादं पोर ती वाटी हातात धरून वाजतगाजत निघतं. त्या पोराला सजवायचं असतं. कोणी राम होतो, कोणी कृष्ण, कोणी शिवाजी महाराज, हल्ली एखादा फेटा बांधून नुसताच गॉगल लावतो. मी कृष्ण होतो. आत्याची ओढणी, डोक्यावर मोरपीस, आणि पुढे हलगीवाला. वीर नाचवायचे म्हणजे खरंच नाचायचं, पाय दुखेपर्यंत. रामकुंडावर त्या दिवशी सगळ्या शहराचे वीर आलेले असतात. अंघोळ झाली की होळीभोवती फेऱ्या आणि मग घर.

त्याच दिवशी जुन्या नाशकातून दाजीबा वीराची मिरवणूक निघते. त्यांना बाशिंगे वीर म्हणतात, कारण ते खरोखर बाशिंग बांधून, अंगावर दागिने घालून नवरदेवासारखे चालतात. गोष्ट अशी सांगतात की दाजीबा हा दिंडोरीजवळच्या जानोरीचा गवळी. अंगाला हळद लागलेली असताना वाटेत त्याच्यावर हल्ला झाला, लग्न राहूनच गेलं. म्हणून दरवर्षी नाशिक त्याला नवरदेव करून मिरवतं. बायका दारात थांबून ओवाळतात. ज्यांच्या घरी लग्न जमायचं असतं ते नवस बोलतात. तुझ्या काकाचं लग्न जमेना तेव्हा आजीनेही बोलला होता. काकूचं म्हणणं असं की तिचा होकार त्याआधीच आला होता. या वादात मी पडत नाही.

तर ज्या दिवशी घरातले गेलेले लोक नदीवर जातात, त्या दिवशी पिचकारी घेऊन त्यांच्यासमोर धावायचं का? आजी धुळवडीला रंग घरात येऊ देत नाही त्याचं कारण मला तरी एवढंच दिसतं. पण तू सोसायटीतही खेळायचं नाही, असं मी म्हणणार नाही. सकाळी आधी काकाबरोबर रामकुंडावर जा, वाटी तू धर. (मुलीने वीर धरू नये असं कोणी म्हटलं तर आजीकडे बोट दाखव, ती बघून घेईल.) दुपारी जेवून मग खाली जा खेळायला. नवी मैत्री आहे तुझी, ती एका दिवसासाठी तुटायला नको.

आता जेवणाचं. होळीला पुरणपोळी, हे तुला माहीत आहे. पण यंदा नुसती खाऊ नकोस, आजीच्या शेजारी उभी राहा. हरभऱ्याची डाळ शिजली की पाणी निथळून काढतात, तो कट. तो ओतून द्यायचा नाही! डाळीत गूळ घालून आटवायचं, आणि पुरण झालं की नाही हे आजी घड्याळ बघून ठरवत नाही. त्यात उलथनं उभं करते. उभं राहिलं तर झालं, कललं तर अजून थोडं. मग जायफळ-वेलदोडा घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, गार झालं की हात भरून येतात. कटाची आमटी होते. भाजलेलं सुकं खोबरं, काळा मसाला, चिंच, गूळ आणि एक चमचाभर पुरण. नैवेद्याची आमटी कांदा-लसणाशिवाय, तेवढं लक्षात ठेव. शेजारी कुरडई तळलेली हवी, आणि पोळीवर तूप इतकं की तुझी आई कपाळाला हात लावेल. होळीला पहिला नैवेद्य. नारळ होळीत टाकतात आणि भाजलेला बाहेर काढून प्रसाद म्हणून वाटतात, तो चुकवू नकोस. गळ्यात साखरेचं हारकडं घालतील. ते संध्याकाळपर्यंत शाबूत ठेवणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

धुळवडीचा बेत मात्र तिखट. वीर परत देवघरात बसले की आपल्याकडे मटण. सकाळी जुन्या नाशकात मटणाच्या दुकानासमोर रांग लागते, काका त्यात पहाटेच उभा असतो. आजी त्या दिवशी मटण खात नाही. ती आदल्या दिवशीच्या आमटीत पोळी कुस्करते, आणि खरं सांगू, शिळी कटाची आमटी ताजीपेक्षा कितीतरी चांगली लागते.

आणि पंचमी! पंचमीला काकाकडे तिवंधा चौकात जायचंच. तिथे रहाड आहे. रहाड म्हणजे चौकात बांधलेला पेशवेकाळातला मोठा चौकोनी हौद, पुरुषभर खोल. वर्षभर तो लाकडं टाकून, मातीने बुजवलेला असतो, त्यावरून रिक्षा, स्कूटर सगळं जातं. तूही गेली आहेस, तुला कळलंही नसेल. पंचमीच्या आधी तो उकरतात, धुऊन काढतात, पाणी भरतात आणि फुलापानांपासून उकळून केलेला रंग त्यात ओततात. पूजा होते आणि मग उड्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी, दिल्ली दरवाज्याची केशरी. त्यामुळे संध्याकाळी कोणाचाही शर्ट बघून तो कुठे जाऊन आला ते सांगता येतं. काठावरून अंग झोकून द्यायचं याला धप्पा म्हणतात. धप्पा नीट बसला तर काठावरचे सगळे भिजतात, आणि खरी गंमत तीच. माझा पहिला धप्पा पोटावर पडला होता. दोन दिवस नीट वाकता येत नव्हतं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. रहाडीत अंघोळ केली की त्वचेचे आजार जातात असं जुनी माणसं म्हणतात. तो वैद्यकीय सल्ला समजू नकोस.

यंदा तू धप्पा मारायचा नाही, तिथे प्रचंड गर्दी असते. काकाच्या खांद्यावर बसायला तू मोठी झालीस, तर त्यांच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बघ. तिथेही बादल्या येतातच. इथे श्टुटगार्टला त्या दिवशी माझं ऑफिस आहे. तमिळ दुकानातून हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणून ठेवलाय, रविवारी पोळ्यांचा प्रयत्न करीन. काळा मसाला संपत आलाय, तो आईला कुरिअरमध्ये घालायला सांग, आणि पिशवी दुहेरी, मागच्या वेळी माझे सगळे शर्ट आमटीसारखे वास मारत होते.

पंचमीला निघण्याआधी केसांना आणि कानामागे खोबरेल तेल चोपड. जुना फ्रॉक घाल, तो निळा नको. शनी चौकाकडे काकाला गाडी नेऊ देऊ नकोस, रविवार कारंज्याला लावा आणि पायी जा.

बाबा