माझी 1988 ची प्रीमियर पद्मिनी सुरू होत नाही, कार्बुरेटरला पेट्रोल येत नाही. इलेक्ट्रिक पंप बसवू का?

नका बसवू. तुम्ही लिहिलंय की सेल्फ चांगला फिरतो, प्लगला करंट आहे, आणि मेकॅनिकने पंप गेलाय असं सांगितलंय. पंप गेलाय हे त्याने कशावरून ठरवलं, ते आधी त्याला विचारा. पेट्रोल येत नाही म्हणजे पंप गेला असं होत नाही. आमच्या घरात या एका गोष्टीवरून मी आणि माझा मोठा भाऊ दोन महिने नीट बोललो नव्हतो, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आमची फियाट, म्हणजे पद्मिनीच, 1985 ची. वडिलांनी घेतलेली, आणि बॉनेटखालचं जे काही मला कळतं ते त्यांनीच शिकवलेलं. ते गेल्यावर गाडी दादाकडे आली. एका मे महिन्यात आम्ही सगळे गणपतीपुळ्याहून सांगलीला परत निघालो होतो. साखरप्यापर्यंत गाडी सुरळीत आली आणि आंबा घाट चढायला लागली तशी गचके देऊन बंद पडली. दादा म्हणाला, उन्हाने पंपात वाफ धरलीय. पंपावर ओलं फडकं टाकलं, अर्धा तास थांबलो, गाडी सुरू झाली आणि दोन वळणांवर पुन्हा बंद. असं करत करत माथा गाठला. माथ्यावरून मलकापूर, कोल्हापूर करत थेट घरापर्यंत एकदाही बंद पडली नाही.

मला तिथेच खटकलं. ऊन तर मलकापूरलाही तेवढंच होतं. फरक फक्त चढाचा होता. टाकी मागे, पंप पुढे इंजिनाला. गाडीचं नाक वर झालं की पंपाला पेट्रोल आणखी उंच ओढावं लागतं, त्यात टाकी अर्ध्याच्या खाली. शिवाय गेले काही महिने सकाळी पहिल्यांदा सुरू करताना फार वेळ सेल्फ मारावा लागायचा, तेही आठवलं. आमच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोटर अशीच करायची. सक्शनच्या पाइपला केसाएवढी चीर पडली तरी मोटर हवा धरते, पाणी उचलत नाही, आणि बाहेर तर एक थेंब गळत नाही. मी म्हटलं, दादा, टाकीचा पाइप बाजूला काढून पंपाला बाटलीतून पेट्रोल देऊन बघू, बाबा करायचे तसं. तो म्हणाला, ते सगळं जुन्या काळचं, तू तुझी बँक सांभाळ.

गाडी गॅरेजला गेली. त्यांनी कार्बुरेटर खोलून धुतला, किट टाकलं, कॉइल बदलली, पंप नवा बसवला आणि सपाट रस्त्यावर फिरवून परत दिली. पंधरा दिवसांनी शिराळ्याच्या बाजूला एका चढावर पुन्हा तेच. मग दादाने टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला. दुसऱ्याच दिवशी गाडीत पेट्रोलचा वास. मी बॉनेट उघडलं तर लोखंडी नळीला पुढे जोडणारा जो वीतभर रबरी पाइप असतो, त्याच्या खालच्या अंगाला क्लिपेशी चीर होती आणि तिथून पेट्रोलचे थेंब तापलेल्या इंजिनावर उडत होते. इतके दिवस त्या चिरेतून हवा आत जात होती. मागून पंपाने ढकलायला सुरुवात केल्यावर त्याच चिरेतून पेट्रोल बाहेर यायला लागलं. मागच्या सीटवर माझी भाची बसलेली होती. ते आठवलं की आजही हातपाय गार पडतात.

पाइप बदलला, इलेक्ट्रिक पंप काढला, आणि गॅरेजवाल्याने ‘गेलाय’ म्हणून पिशवीत घालून दिलेला जुना पंपच मी परत बसवला. तोच आजही चालतोय. त्यानंतर आंबा घाट तीनदा चढून झाला.

तुमच्या गाडीचं आता. एअर फिल्टर काढा, कार्बुरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटरची दांडी ओढा. बारीक पिचकारी आली तर वाटीत पेट्रोल आहे आणि दोष दुसरीकडे आहे. पिचकारी नसेल तर बाटली लावा. बाटलीवर इंजिन चाललं तर पंप आणि कार्बुरेटर दोन्ही ठीक, दोष मागे: रबरी पाइप, गंजलेली नळी, टाकीतला कचरा, नाहीतर टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक. झाकण सैल करून बघायला तर काहीच लागत नाही. बाटलीवरही चाललं नाही तरच पंप खोला. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटलाय आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. मग इंजिन फिरवू नका, आधी ऑइल बदला.

रबरी पाइप मात्र काही न बघता सगळे बदलाच. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. एसएई जे30 आर9 असं छापलेला पाइप मागा, साधा काळा पाइप घेऊ नका.

मेकॅनिकला मी सरसकट दोष देत नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, त्याआधीपासूनच कार्बुरेटर कळणारे हात कमी होत चाललेत. पण न बघता सुटे भाग बदलत जाणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दादा अजूनही म्हणतो की इलेक्ट्रिक पंपामुळेच चीर सापडली. दहा मिनिटं बाटली लावली असती तरी सापडली असती, आणि गाडीत लहान मूल नसताना.

इलेक्ट्रिक पंप वाईटच असतो असं नाही, हेही सांगायला हवं. गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल तर तो सोयीचा पडतो. पण कार्बुरेटरला तीन-साडेतीन पीएसआयचा दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसच्या पुढे जातो, तो लावलात तर कार्बुरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तेवढा दाब थोपवू शकणार नाही. आणि इंजिन बंद पडताच पंपही बंद होईल असा रिले, म्हणजे आपोआप करंट तोडणारा स्विच, हवाच. जुना पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे अपघातात इंजिन थांबलं की तोही थांबतो. बाटलीचा प्रयोग उघड्यावर करा, इंजिन थंड असताना करा, बाटली नीट बांधा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, आणि तोंडाने पेट्रोल ओढू नका.

बाटलीवर गाडी चालली का ते इथे लिहा. तोवर पंप विकत घेऊ नका.