गाता गाता गिटार वाजवायची आणि तेही लोकांसमोर : तयारी कशी करावी?

आपण लिहिले आहे की, नागपुरात नोकरी सांभाळून आपण गिटार शिकत आहात, घरी एकटे असताना काही गाणी नीट वाजतात, परंतु गायला सुरुवात केली की उजवा हात अडखळतो आणि समोर कोणी बसले की शब्दही आठवत नाहीत. शिवाय चार महिन्यांनी कार्यालयाच्या स्नेहसंमेलनात दोन गाणी सादर करायची आहेत. मी याच शहरात हौशी मंडळींना गिटार शिकवते आणि नेमकी हीच अडचण घेऊन येणारे लोक मला सर्वाधिक भेटतात. माझ्या मते या दोन अडचणी मुळात एकच आहेत. हाताकडे लक्ष द्यावे लागते तोवर गाण्यासाठी पुरेसे लक्ष उरत नाही, आणि श्रोते समोर आले की जे थोडे उरलेले असते तेही त्यांच्याकडे जाते. म्हणून हात लक्षाशिवाय चालेल इतका तयार करणे आणि श्रोत्यांना पहिल्या आठवड्यापासून अभ्यासात सामील करून घेणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. ‘आधी गाणे पक्के करा, मग लोकांसमोर जा’ हा सल्ला सगळेच देतात. मला तो मान्य नाही.

सुरुवात उजव्या हातापासून करावी. आपल्याकडची बहुतेक भावगीते आणि चित्रपटगीते केहरव्यात किंवा दादऱ्यात बसतात, त्यामुळे हे दोन ठेके मनगटात मुरले की पुष्कळ गाणी मोकळी होतात. केहरव्याच्या आठ मात्रा धरल्या तर विषम मात्रेला हात खाली आणि सम मात्रेला वर, असा तो न थांबता फिरत राहिला पाहिजे. तारांना स्पर्श मात्र पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेलाच करायचा. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात फिरतो, पण तारांवरून रिकामा जातो. पाचवी मात्रा ही केहरव्याची ‘खाली’, म्हणजे तालातली रिकामी मात्रा आहे आणि इथे हातही रिकामाच जातो, म्हणून ज्यांच्या कानावर तबला आहे त्यांना हे स्ट्रमिंग लवकर उमगते. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला जाड तार एकटी वाजवावी आणि उरलेल्या चार मात्रांना बारीक तारांवरून हलका हात फिरवावा. शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) बदलताना मनगट क्षणभर थांबवतात. ते थांबणे घरी खपून जाते, परंतु गाताना गळा त्याच क्षणी अडखळतो. डाव्या हाताची कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, उजवा हात मात्र थांबता कामा नये, हा नियम सरावाच्या पहिल्या दिवसापासून पाळावा.

हात तयार झाला की नाही हे ओळखण्याची एक खात्रीची परीक्षा आहे. ठेका चालू ठेवून घरातल्या कोणाशी तरी साध्या गप्पा मारा. आज भाजी कोणती आणली, बर्डीच्या बाजारात गर्दी किती होती, असे काहीही. बोलताना हात अडला तर तो अजून आपल्या लक्षावर चालतो आहे असे समजावे आणि गायची घाई करू नये. गप्पा जमल्या की चाल नुसती गुणगुणावी, मग शब्द चालीविना तालात म्हणावेत आणि त्यानंतरच गावे. शब्द तालात म्हणण्याची पायरी लोक गाळतात, पण माझ्या अनुभवात खरी गाठ तिथेच सुटते, कारण गाण्याचे प्रत्येक अक्षर मात्रेवर पडत नाही. पुष्कळ ओळी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अर्धी मात्रा आधी उठतात, काही समेनंतर. गाण्याचा कागद घेऊन कॉर्ड कोणत्या शब्दावर बदलते एवढेच न लिहिता, त्या शब्दातल्या नेमक्या कोणत्या अक्षरावर बदलते तिथे खूण करावी. जी ओळ महिनाभर जमत नव्हती ती अशी खूण केल्यावर एका संध्याकाळी जमलेली मी पाहिली आहे.

पट्टीबद्दल, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कोणत्या स्वरावर धरायचा याबद्दल, फार कमी लोक विचार करतात. मूळ ध्वनिमुद्रण ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गाण्याचा हट्ट सोडून द्यावा. आपल्याकडे पुरुष साधारणपणे पेटीच्या काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात. पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या पहिल्या खणात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सी कॉर्डच्या कुटुंबात वाजवले की काळी एक मिळते आणि तिसऱ्या फ्रेटवर लावला की काळी दोन. जी कॉर्डच्या कुटुंबात हेच केले तर अनुक्रमे काळी चार आणि काळी पाच मिळते. बोटांची ठेवण तीच राहते, त्यामुळे पट्टी बदलली म्हणून हाताला नवे काही शिकावे लागत नाही. घाबरल्यावर गळा आवळतो आणि वरचे स्वर सर्वांत आधी हातचे जातात, म्हणून घरी जी पट्टी आरामात लागते तिच्यापेक्षा एक फ्रेट खाली कॅपो लावून मंचावर गावे असे मी आवर्जून सांगते. मात्र हा बदल त्या दिवशी ऐन वेळी करू नये. निदान दोन आठवडे आधीपासून गाणे त्याच पट्टीत म्हणावे.

आता श्रोत्यांविषयी. आपल्या विदर्भात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींना कोणी आधी तालमी देत नाही. त्या भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी जाऊन गातात, खिरापत ओळखण्याच्या नादात लाजही विसरतात, आणि चारचौघांत आवाज काढण्याची सवय त्यांना खेळता खेळता लागते. प्रौढपणी आपल्याला ती सवय अशीच, लहान लहान प्रसंगांतून लावून घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात एकच कडवे घरातल्या एका माणसासमोर म्हणा आणि अभिप्राय विचारू नका. पुढे दोन शेजारी, नंतर एखाद्या सुट्टीच्या सकाळी अंबाझरीच्या उद्यानात, जिथे येणारे-जाणारे ऐकतील पण थांबून पाहणार नाहीत. वाटेत कोजागिरी आली तर गच्चीवर मसाला दूध आटत असताना गायला मिळणारे श्रोते सोडू नका, कारण इतके मायाळू श्रोते वर्षभरात पुन्हा मिळत नाहीत. वाटेत वस्तीतला गणेशोत्सव आला तर तो याहून अवघड टप्पा: तिथे माईक असतो, लहान मुले समोर धावतात, मागे कोणी बोलत असते, आणि एवढ्यातूनही गाणे पुढे नेण्याचा सराव इतरत्र कुठे होत नाही.

भीती पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. ॲड्रिनलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडे पडते, बोटे थरथरतात. अनुभवी कलाकारांनाही हे होते. सर्वांत फसवे असते ते लयीचे. ठोके वाढलेले असल्यामुळे नेहमीची लय संथ वाटू लागते आणि गाणे नकळत जलद उचलले जाते, मग अंतऱ्यातल्या दाट शब्दांच्या ओळीत जीभ अडकते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की, गाणे सुरू करण्यापूर्वी ध्रुवपद मनात न म्हणता त्यातली सर्वांत अवघड ओळ मनात म्हणावी आणि ती जेवढ्या लयीत सुखाने बसते तीच लय उजव्या हाताला द्यावी. त्याआधी दोन-तीन वेळा श्वास सावकाश, घेतला त्यापेक्षा अधिक वेळ घेऊन सोडावा. शब्द विसरलात तर ठेका चालू ठेवा आणि पुढच्या ओळीला मिळा. हात चालू असेल तर श्रोत्यांना ती जागा वाद्याची वाटते. मध्येच थांबून क्षमा मागितली तर मात्र त्यांचेही लक्ष गाण्यावरून उडते. जेवण हलके घ्यावे. झणझणीत सावजी जेवणाचा बेत कार्यक्रमानंतरच ठेवावा.

सभागृहात पोहोचल्यावर ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या माणसाशी आधी बोलून घ्यावे. गाण्यासाठीचा नेहमीचा माईक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, म्हणून आपल्याकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर स्पीकर माईकच्या पाठीमागे असावा. गिटार सेमी-ॲकॉस्टिक (केबलने ध्वनिव्यवस्थेला जोडता येणारी) असेल तर तिच्यातील नऊ व्होल्टची बॅटरी नवी घालावी. केबल खोचून ठेवली की ती वाजवत नसतानाही संपते. गिटार घुमू लागली तर स्पीकरपासून दूर सरकावे किंवा तिच्या गोल छिद्रावर रबरी झाकण बसवावे. नव्या तारा त्याच दिवशी चढवू नयेत, कारण त्या पहिले काही दिवस ताणल्या जातात आणि सतत उतरतात. आणि आपण उभे राहून गाणार असाल, तर शेवटचा महिनाभर तरी घरी पट्टा लावून उभ्यानेच सराव करावा. बसून शिकलेला हात उभे राहिल्यावर वेगळ्या कोनात येतो.

नागपूरच्या हवेची एक सूचना स्वतंत्रपणे करते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की गिटारचे लाकूड आक्रसते आणि तडकूही शकते, तर डेझर्ट कूलरसमोर किंवा पावसाळ्यात तेच लाकूड ओल धरून फुगते आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. 45 ते 55 टक्के आर्द्रता लाकडी गिटारला मानवते, म्हणून ती बंद पेटीत ठेवावी आणि उन्हात उभ्या मोटारीत कधीही सोडू नये. वातानुकूलित सभागृहातून उघड्या मैदानावर आल्यास तारा उबेने सैल होऊन स्वर उतरतो. तेव्हा मंचाजवळ दहा-पंधरा मिनिटे गिटार पेटीबाहेर ठेवून मगच ट्यूनर लावावा.

दोन गाण्यांपैकी कमी कॉर्डचे आणि मध्य सप्तकातले गाणे आधी ठेवा. पहिल्या गाण्यात हात आणि गळा स्थिरावतात, अवघड गाणे त्यानंतर घ्यावे. आपण कोणती गाणी निवडली आहेत आणि त्यांतला सर्वांत वरचा स्वर कुठे जातो हे कळवल्यास कॅपो कोणत्या फ्रेटवर लावावा हे मी सांगू शकेन.