गांधी शताब्दीचे रुपेरी नाणे उत्तम अवस्थेत निवडताना

आपण १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यापासून नाणेसंग्रहाचा आरंभ करत आहात, ही निवड मला योग्य वाटते. १५ ग्रॅम वजनाचे आणि ८० टक्के चांदीचे हे नाणे मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते निष्कलंक मिळणे, कारण टाकसाळीतून निघालेली नाणी पिशवीत एकमेकांवर आदळतात आणि त्यांचे ओरखडे नेमके गांधीजींच्या गालावर व कपाळावर उमटतात. नाणे कडेने धरून एकाच दिव्याखाली सावकाश कलते करावे. मूळ झळाळी शाबूत असेल, तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेले नाणे मात्र सगळीकडून सारखेच चमकते आणि भिंगाखाली बारीक समांतर रेषा दिसतात.

चिंच किंवा भांड्यांची पावडर चांदीच्या नाण्याला कधीही लावू नये. काळसर, निळसर छटा चढली असेल तर चढू द्यावी, मला तर ती देखणीच वाटते.

साठवणीबाबत मात्र मी स्वतः नुकसान सोसले आहे. स्वस्त, मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या माझ्या एका नाण्यावर दोन पावसाळ्यांत हिरवट, चिकट थर चढला. तो शुद्ध ॲसिटोन या द्रावकाने निघाला, परंतु खाली पडलेले बारीक खड्डे कायमचे राहिले. म्हणून मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटे वापरावीत, डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवावे आणि पावसाळ्यात ते वेळोवेळी बदलावे.