सोलापुरातील हिवाळ्यात मटण-भाकरीबरोबर पिण्यासाठी परवडणारी युरोपीय रेड वाइन कोणती घ्यावी?

स्पेनमधील गार्नाचा या द्राक्षाची, शक्यतो कालातायुद किंवा काम्पो दे बोर्खा भागातील वाइन घ्यावी. या भागांचे नाव रिओहा या स्पेनच्याच प्रसिद्ध वाइन-प्रदेशाइतके मोठे नसल्याने त्याच दर्जाला किंमत कमी पडते. ती न मिळाल्यास फ्रान्सची कोत द्यू रोन चालेल, कारण तिच्यातही बहुधा हेच द्राक्ष ग्रेनाश या नावाने प्रमुख असते. या द्राक्षाची साल पातळ असल्याने वाइनचा तुरटपणा बेताचा राहतो, आणि म्हणूनच काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर किंवा शेंगाचटणीवर घोट घेतला तरी तिखट जिभेवर फारसे भडकत नाही. फ्रान्सच्या बोर्दो भागातील तुरट वाइनने ते अधिक भडकते. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर प्यावी. मात्र घेताना बूच नीट पाहावे: ४० अंशांपुढच्या उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर तापलेल्या बाटलीचे बूच किंचित वर सरकलेले किंवा त्याखाली ओघळ सुकलेला दिसतो, आणि अशी बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.