बी टू झालं, आता पुढे काय?

प्रश्न: मी डोंबिवलीला राहते, जर्मनची बी टू ही पातळी पास झालेय. बातम्या कळतात पण कथा हातात घेतली की दोन पानांतच दमते. पुढच्या सी वन पातळीसाठी परत व्याकरणच घोटू का?

उत्तर: नको हो ताई, व्याकरण पुरे, आता साहित्यातच शिरा. जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्काची १९१५ ची 'फेअरवांडलुंग' ही कथा घ्या, पहिलंच वाक्य बघा, ग्रेगोर सकाळी उठतो, अंथरुणातच आहे, त्याचा एक भलामोठा किडा... आणि 'फेअरवांडेल्ट', म्हणजे 'रूपांतर झालेला', हा शब्द येतो अगदी शेवटी, तोवर श्वास रोखूनच बसायचं! आपल्याला तर हे जमायलाच हवं, मराठीतही क्रियापद शेवटीच येतं ना. लोकलमध्ये एकच पान दोनदा वाचा, दुसऱ्या वेळी मोठ्याने, कोणी बघितलं तर बघू दे.

इतिहासही सोबत हवाच. 'वेंडे' म्हणजे वळण असं डिक्शनरी सांगते, पण जर्मन माणूस 'डी वेंडे' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १९८९ असतं, बर्लिनची भिंत पडली तो काळ, आणि हे माहीत नसेल तर अख्खी कादंबरी डोक्यावरून जाते.

आणि आपलं शाकुंतल! १७९१ साली ते जर्मनमध्ये आलं, जर्मन कवी ग्योथे ते वाचून इतका भारावला की त्यावर चार ओळी लिहिल्या. त्या पाठच करा. मुंबईत काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राची लायब्ररी आहे, एखाद्या शनिवारी चक्कर टाका.